अस्तर कोरं होतं

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही मिरवते. ज्यांच्याकडे आजोबांच्या डिग्र्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांनी मिरवू नये, त्यांना ते शोभत नाही. मला शोभतं. पण या प्रकरणात मिरवण्यासारखं काही नाही. यात मी एक गोष्ट माझी म्हणून चारचौघांत सांगितली आहे जी माझी नव्हती, आणि ज्याची होती तो माझा बाप होता. नातेवाइकांपैकी कुणी म्हणेल, एका इंग्रजी पिक्चरवरून एवढं काय लिहायचं. त्यांनी हे प्रकरण सोडून द्यावं.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात आमचं दुकान पुढे होतं आणि घर मागे. मधे एक जाड हिरवा पडदा. पडद्याच्या पुढे अप्पांचं मशीन, मागे आईचा स्टोव्ह, आणि मी अभ्यासाला बसायचे ती जागा बरोबर पडद्याला लागून, त्यामुळे माझी एक बाजू कायम मशीनच्या आवाजात आणि दुसरी फोडणीच्या वासात असायची. आम्ही शिंपी. आमचे लोक म्हैसूरला कधी आले ते कुणालाच धड माहीत नाही. अप्पा सांगायचे, राजाच्या फौजेचे तंबू शिवायला आलो. आई म्हणायची, तंबू कुठले, घोड्यांच्या झुली. एवढ्या पिढ्या गेल्या तरी घरात मराठीच, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं की कुठला शब्द कुठला हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. 'उगाच'ला आम्ही सुम्ने म्हणायचो, 'नाही का'ला अल्वा, आणि अप्पा मला हाक मारायचे ती पुट्टी, म्हणजे कानडीत छोटी. मी बी.एस्सी.ला गेले तरी पुट्टीच.

थंडीत आमच्याकडे अवरेकाळूचं राज्य असायचं. पावट्याचे ओले दाणे रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून सालातून टपकन बाहेर काढायचा. दोन तास ते काम चालायचं. आई एकीकडे दाणे सोलायची, एकीकडे हात पुसून शर्टाची काजं करायची, आणि दोरा दातानं तोडायची. त्या तोडण्याचा बारीक आवाज मला मशीनच्या आवाजातूनही ऐकू यायचा. मग त्यांचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि नाचणीच्या उकडीचे गोळे, ते मुद्दे. मुद्दा चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो. हे सांगायला लागतं, कारण पुढे माझ्या एका मैत्रिणीनं तो चावला होता आणि दिवसभर दात चाचपत बसली होती.

जेवताना अप्पा पिक्चरबद्दल बोलायचे. महिन्याला एक कानडी पिक्चर ते पाहायचेच, एकटे, पहिल्या खेळाला. पण गोष्ट काय होती हे त्यांना कधी नीट सांगता यायचं नाही. ते सांगायचे कपडे. "हिरोचं शर्ट खांद्यात एक बोट मोठं होतं. भावाचं असणार." किंवा, "बाई गरीब दाखवलीय, पण ब्लाउजची बाही बघ, अशी बाही आपल्या गल्लीत मी एकटाच बसवतो." आई म्हणायची, "पैसे देऊन तुम्ही टाके मोजायला जाता." आम्ही हसायचो, तेही हसायचे. चौथीपर्यंत शिकलेले अप्पा. समोर माणूस आला की ते आधी त्याचा खांदा बघायचे, मग तोंड. कपडा हातात आला की आधी उलटा करायचे. नवा असो, जुना असो, आधी उलटा. बाहेरून काय दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

कॉलेजात मी एका टोळक्यात शिरले. शिरले असंच म्हणते, कारण मला कुणी बोलावलं नव्हतं. हे सगळे त्या अंतराळाच्या पिक्चरचे वेडे. त्याचं नाव मी लिहीत नाही, आमच्या घरात त्याला विमानाचं पिक्चर म्हणायचे, तेच चालू द्या. टोळक्याची बैठक कुवेंपुनगरात गौतमीच्या घरी. गौतमीचे वडील कंपनीच्या बदलीनं पुण्याहून आलेले. घराला गच्ची, गच्चीवर वेताच्या खुर्च्या, आणि तिची आई सगळ्यांना बशीतून पोहे द्यायची, वर खोबरं. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुमची मराठी ऐकायला किती मजा येते गं. बोल ना अजून काहीतरी." त्या वाईट बाई नव्हत्या. पण त्यानंतर त्या घरात मी मराठी बोललेच नाही. इंग्रजी बोलायचे. माझी इंग्रजी कच्ची होती, पण निदान तिला कुणी मजेशीर म्हणत नव्हतं. आणि वडील काय करतात असं विचारल्यावर मी सांगितलं होतं, कापडाच्या व्यवसायात आहेत.

आता पिक्चरची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या भागात एक माल वाहणारं जुनाट यान असतं आणि त्याचा एक कप्तान. त्याच्या कोटाची डावी बाही एका मारामारीत फाटते आणि त्याची धाकटी बहीण ती लाल दोऱ्यानं, वेडीवाकडी, रफू करते. शेवटी यानाला आग लागते. निसटायच्या होड्या चार, माणसं पाच. कप्तान बहिणीला होडीत ढकलून यानाचं दार आतून लावून घेतो आणि यान फुटतं. आम्ही सगळे रडलो होतो. दुसऱ्या भागात तीन वर्षांनी, कुठल्याशा दूरच्या तळावर तोच कप्तान चालत येतो. तोच कोट, बाहीवर तोच लाल रफू. "उशीर झाला" एवढंच म्हणतो. बहीण गळ्यात पडते आणि पिक्चर पुढे जातं. तो वाचला कसा, हे अडीच तासांत कुणी सांगत नाही.

यावर आमची भांडणं. म्हणजे खरीखुरी भांडणं, दोन दोन दिवस अबोला धरण्याइतकी. चेतन म्हणून एक होता, उंच, वादात वकिलासारखा. त्यानं पहिला भाग अकरा वेळा पाहिला होता आणि होड्या मोजल्या होत्या. "चारच. चारही गेल्या. पाचवी होडी दाखवा, मी मान्य करतो." गौतमीचं म्हणणं, स्फोटानं काळाची वाट वाकडी झाली, तो त्या वाटेनं बाहेर पडला. "मग कोट जळला कसा नाही?" चेतन विचारायचा. "तुझं डोकं जळलंय," गौतमी म्हणायची. आणखी एक मुलगा म्हणायचा, वाद कशाला, हिरो मेला तर तिकीट कोण काढणार, लेखकानं जिवंत केला. त्याला सगळे मिळून ओरडायचे. लेखकावर ढकलणं आमच्यात पाप होतं. जे आहे ते पिक्चरच्या आतून सिद्ध करायचं, हा नियम.

मी फिजिक्सची विद्यार्थिनी. मी प्राणवायूचा हिशेब मांडून पाहिला. तापमान मांडून पाहिलं. कुणी ऐकून घेत नव्हतं. मी बोलायला लागले की कुणीतरी पोह्यांची बशी पुढे करायचं. आज पन्नाशीला आल्यावर मला हे हसण्यासारखं वाटायला हवं, पण वाटत नाही. एकदा, फक्त एकदा, या गच्चीवर सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करून ऐकावं, यासाठी मी तेव्हा काहीही दिलं असतं. आणि दिलंच.

कॉलेजच्या संमेलनात वेषभूषेचा कार्यक्रम होता. चेतन कप्तान होणार असं ठरलं. कोट शिवायचा कुणी, यावर चर्चा चालू असताना चेतन माझ्याकडे बघून सहज म्हणाला, "रेखाचे फादर टेलर आहेत ना. मंडी मोहल्ल्यात. मी स्कूटरवरून जाताना पाहिलंय तुला, दुकानात बटणं लावताना." कुणी हसलं नाही. गौतमी तर म्हणाली, "अगं, मग सांगायचं नाही का." पण माझे कान तापले ते घरी जाईपर्यंत तसेच.

अप्पांना मात्र कोण आनंद झाला. कॉलेजच्या पोरांचं काम. "फोटो नको मला," ते म्हणाले, "फोटोत कोट सपाट दिसतं. अंगावर हलताना बघायला पाहिजे." म्हणून पहिला भाग मी सीडी आणून शेजारच्यांच्या टीव्हीवर दाखवला, आणि दुसऱ्यासाठी त्यांना दुपारच्या खेळाला घेऊन गेले. थेटरात इंग्रजी पिक्चर ते पहिल्यांदाच बघत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. पिक्चर अर्ध्यावर आल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते पुढे सरकून, समोरच्या खुर्चीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

परत येताना बसमध्ये ते स्वतःच्या शर्टाची बाही उलटी करून बघत होते. मग म्हणाले, "पुट्टी, ते माणूस ते नाही."

"कोण?"

"ते कप्तान. आधीचं वेगळं, हे वेगळं."

"अप्पा, एकच नट आहे तो."

"नट असू दे. कोट वेगळं आहे." आणि मग त्यांनी मला सांगितलं, हातवारे करत, समोरच्या बाईला धक्का लागेल इतके हातवारे करत. पहिल्या पिक्चरमध्ये बाही अस्तरासकट फाटली होती, आतला हात दिसत होता. बहिणीला शिवण कुठलं येतंय, तिनं वरचं कापड आणि अस्तर दोन्ही एकत्र धरून टाके घातले. आणि आता या दुसऱ्यात, तो कोट काढून खुर्चीवर टाकतो तेव्हा बाही अर्धी उलटी होते. "अस्तर कोरं आहे गे. एक टाका आत आलेला नाही. ते रफू वरूनच केलंय, शोभेला. ते कापड कधी फाटलंच नाही. कुणीतरी ते कोट लांबून बघून तसं शिवलंय. ज्यानं शिवलं त्याला वाटलं, लाल दोरा दिसला की झालं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते पोरगी सुम्ने खुश होतीय. भाऊ मेलाय तिचा."

दोन महिने आम्ही सगळे तो वाचला कसा यावर भांडत होतो. तो वाचलाच नव्हता. पिक्चर आम्हाला सांगत होतं आणि आम्ही होड्या मोजत होतो.

मी अप्पांना म्हणाले, "कुणाला सांगू नका हं." त्यांना वाटलं, मला ते गंमत म्हणून राखून ठेवायचं आहे. "नाही सांगत," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गच्चीवर मी उभी राहिले. बसून सांगता आलं असतं, पण उभी राहिले. "कप्तान मेला आहे," मी म्हणाले, "परत आला आहे तो दुसराच कुणीतरी आहे, आणि मी ते सिद्ध करू शकते." बसमध्ये ऐकलेलं सगळं मी इंग्रजीत सांगितलं. अस्तर, टाके, उलटी बाही. मी म्हणाले, माझ्या लक्षात आलं. हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. 'माझ्या वडिलांच्या' असं म्हणायला तोंड उघडलं असेल, नसेल, आता आठवत नाही. बाहेर पडलं ते 'माझ्या'. कुणी बशी पुढे केली नाही.

चेतन म्हणाला, "अस्तर बदललं असेल. तीन वर्षं झाली आहेत मधे."

फिजिक्समध्ये अस्तर नसतं. मी म्हणाले, उद्या सांगते. आणि घरी जाऊन, अप्पा खडूनं कापडावर रेघ मारत होते तेव्हा, जणू काही नाही असं विचारलं, "अप्पा, रफू केलेल्या बाहीचं अस्तर बदललं तर?"

कापडावर रेघ मारताना ते कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी खडू खाली ठेवला. "अस्तर बदलायचं तर ते रफू आधी उसवायला पाहिजे, टाके आत गेलेत अल्वा. उसवलं की संपलं. मग पुन्हा तस्संच वाकडं घालता येत नाही. सरळ घालायला सांग, कुणीही घालेल. दुसऱ्याचं वाकडं जसंच्या तसं घालणं मला इतक्या वर्षांत जमलं नाही." आणि मग, चेहरा उजळून, "कुणी विचारलं हे?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"शहाणी आहेस," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी ते शब्दाला शब्द गच्चीवर नेलं. चेतननं हात वर केले. गौतमीनं मला मिठी मारली. इंटरनेटवर या पिक्चरच्या वेड्यांचा एक मोठा कट्टा होता, जगभरच्या लोकांचा, तिथं तिनं माझ्या नावानं ते सगळं लिहून टाकलं. आठवडाभर कुठून कुठून उत्तरं येत होती. मी ती कागदावर छापून घेतली. घरी आणली नाही, कॉलेजच्या पुस्तकात ठेवली.

मग ट्रायलचा दिवस आला. चेतन आणि गौतमी दुकानात येणार होते. मी दोन दिवस आधीपासून अप्पांना सांगणार होते. अप्पा, मी तुमचं थोडं माझं म्हणून सांगितलंय. एवढंच वाक्य. ते एवढं अवघड नव्हतं. सकाळी आई दाणे सोलत होती, मी तिच्या शेजारी बसून सोलू लागले, आणि मनात म्हटलं, हे परातभर संपले की सांगते. दाणे संपले आणि ते दोघं आले.

कोट सुंदर झाला होता. राखाडी, जड, खांद्यात नेमका. चेतननं घातला आणि तो आरशात बघताना सरळ उभा राहिला, एरवी तो पोक काढून चालायचा. अप्पा तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत होते. आणि गौतमी, तिच्या चांगल्या मनानं, म्हणाली, "काका, तुम्ही ज्या कोटाची नक्कल करताय ना, त्याची गंमत माहितीये का तुम्हाला? रेखानं काय शोधून काढलंय ते सांगितलं नसेल तिनं. ती काही बोलतच नाही."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या पिक्चरमधली बाही. बहिणीचे टाके. इंटरनेटवर परदेशातून मला आलेली उत्तरं. चेतन मधेच मदतीला आला, कानडीत, अप्पांना नीट कळावं म्हणून. "अंकल, अस्तर म्हणजे आतलं कापड असतं ना, ते." चाळीस वर्षं शिवणाऱ्या माणसाला तो अस्तर म्हणजे काय ते समजावत होता. अप्पा ऐकत होते. मी पडद्याला धरून उभी होते. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या गादीत खोचल्या, घाई न करता, आणि सगळ्या खोचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माप घेताना पाहायचे तसं.

"हौदा?" ते म्हणाले. हो का, असं. "मला नाही कळलं ते. मी गेलतो हिच्याबरोबर, पण थेटरात थंडगार, मला झोप लागली."

"बघा," गौतमी म्हणाली, "आता मी दाखवते." आणि तिनं चेतनच्या अंगातून डावी बाही ओढून काढली आणि उलटी केली, कोरं अस्तर कसं दिसतं ते दाखवायला. अस्तर कोरं नव्हतं. आतून लाल दोरा गेला होता, वेडावाकडा, अस्तराला सुरकुती पाडून. अप्पांनी नव्या कोऱ्या कोटाची बाही अस्तरासकट फाडली होती आणि मग एखाद्या शिवण न येणाऱ्या पोरीनं घालावेत तसे टाके घातले होते. नवं कापड फाडणं म्हणजे काय, ते शिंप्याच्या घरातल्या माणसाला विचारा. आमच्या घरी चिंधीसुद्धा कुणी फाडायचं नाही, कात्रीनं कापायचं. त्यांनी खऱ्या कप्तानाचा कोट शिवला होता. मेलेल्याचा.

गौतमी आत बघत राहिली. "काका, तुम्ही खरंच फाडलंत? पण मग तुम्हाला हे..."

मला वाटलं, आता. आता ते सांगतील. मी मान खाली घालायच्या तयारीत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरंच वाटलं असतं.

"रेखानं सांगितलं तसं केलं," अप्पा म्हणाले. "मला काय कळतं. ती शिकलेली आहे."

ते दोघं कोट घेऊन गेले. अप्पांनी मशीनवर दुसरं काम घेतलं. आईनं जेवायला हाक मारली, मुद्दे केले होते, वाढले, आम्ही गिळले. मी वाट बघत होते, आज रागावतील, उद्या रागावतील. ते रागावले नाहीत. उलट त्यानंतर ज्याला त्याला सांगू लागले. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, लग्नात भेटलेल्या सोयऱ्याला, चिक्कमगळूरच्या माझ्या मावसभावाला. "आमच्या पुट्टीनं इंग्लिश पिक्चरचं गुपित शोधलं. फॉरेनच्या लोकांनी लिहिलं तिला." मी समोर असले तरी सांगायचे, माझ्याकडे न बघता. आधी मला वाटायचं, हे मला टोचायला आहे. पण अप्पांना टोचून बोलता यायचं नाही. ते कामच त्यांना येत नव्हतं.

बदललं ते एवढंच की जेवताना कपड्यांबद्दल बोलणं बंद झालं. पिक्चर बघून आले की आई मुद्दाम विचारायची, "मग? आज कुणाची बाही?" "असंच होतं," म्हणायचे. एकदा मी विचारलं, एका कानडी पिक्चरबद्दल, त्यातल्या हिरोच्या शेरवानीबद्दल, मुद्दाम, अगदी गळ टाकल्यासारखं. "ते तुला कळतं गे," ते म्हणाले, "मला काय." चिडून नाही. खरंच तसं वाटत असल्यासारखं. पुढे त्यांनी पिक्चरला जाणंच सोडलं. पायऱ्या चढवत नाहीत म्हणाले.

मी पहिल्या वर्गात पास झाले. नोकरी लागली, गावाच्या कडेला हिनकलला घर बांधलं, आई गेल्यावर अप्पांना तिथं आणलं. हे सगळं दुसरीकडे लिहिलं आहे, इथं नको. एकच लिहिते की इतक्या वर्षांत ते एक वाक्य मला सांगता आलं नाही, आणि ज्या दिवशी न सांगण्याला काही कारण उरलं नाही त्या दिवशी सांगण्यालाही काही निमित्त उरलं नव्हतं. आणि मग त्या पिक्चरचा तिसरा भाग आला.

मी पहिल्या दिवशी गेले, एकटीच. कप्तान पहिल्याच भागात मेला होता. परत आलेला माणूस शत्रूनं घडवलेली नक्कल होता, आणि बहिणीला ते कळतं ते बाहीच्या आतल्या बाजूवरून. थेटरात पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर येते तो फोनवर चेतनचा निरोप, दूरदेशाहून: रेखा, तू तेव्हाच सांगितलं होतंस. जुन्या टोळक्याचा ग्रुप आहे, तिथं सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी तिथंच फुटपाथवर उभी राहून लिहिलं, ते मी नव्हतं शोधलं, माझ्या वडिलांनी शोधलं होतं, मी त्यांचं घेतलं. गौतमीनं लाल बदाम पाठवला आणि लिहिलं, किती गोड, अजून तशीच आहेस, स्वतःचं श्रेय कधी घेणार नाहीस. इतरांनीही बदाम पाठवले. मी आणखी दोनदा लिहिलं. मग कुणीतरी चौथा भाग येणार का ते विचारलं आणि वाद सुरू झाला.

घरी आले तेव्हा अप्पा व्हरांड्यात उन्हात बसले होते. डोळे बरेच गेले होते, पण आवाजावरून ओळखायचे. मी चप्पलही न काढता त्यांच्यापाशी खाली बसले आणि सांगून टाकलं. "अप्पा, विमानाच्या पिक्चरचा तिसरा भाग बघून आले. तुम्ही म्हणालात तेच निघालं. तो कप्तान नव्हताच."

"हौदा?" त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे तू बरोबर होतीस."

"मी नाही. तुम्ही. बसमध्ये तुम्ही मला सांगितलंत. अस्तर कोरं आहे म्हणून. मी ते त्या पोरांना माझं म्हणून सांगितलं. चूक झाली माझी, अप्पा."

ते हसले. "काय बोलतेस. मी झोपलो होतो अल्वा त्या पिक्चरमध्ये. थंडगार होतं. तू नंतर मला सांगितलंस सगळं. मी सगळ्यांना सांगतो की."

"तुम्ही जागे होतात. पुढे सरकून बसला होतात. मी बघितलं तुम्हाला."

"नाही गे," ते म्हणाले, मला समजावल्यासारखं. "इंग्लिश पिक्चर ते. चौथी शिकलेल्या माणसाला कसं कळणार?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते अजूनही मला सांभाळून घेत होते, की इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते खरंच तसं आठवत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता ते नाहीत, त्यामुळे कळणारही नाही. मी पुन्हा म्हणू लागले, अप्पा, ऐका. त्यांनी हात चाचपडत माझ्या डोक्यावर ठेवला.

"सुम्ने वाद घालू नको. बस. पाय लांब कर." त्यांनी मान एका बाजूला कलती केली, चांगलं ऐकू यायचं त्या कानाच्या बाजूला. "कसं शोधलंस ते सांग परत. खूप दिवस झाले, मी विसरलो थोडं."

मी चप्पल काढली, पाय लांब केले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाही कशी फाटली, बहिणीनं टाके कसे घातले, अस्तर का बदलता येत नाही. ते मान हलवत ऐकत होते, आणि मी सांगताना म्हणत होते, मग मी पाहिलं, मग माझ्या लक्षात आलं.